वंशावळ आणि उत्तरदायित्व : ब्रिटनमधील मांजर-पैदाशीच्या नोंदणी परंपरेचा ऐतिहासिक आढावा (१८७१ ते २०२४)

सारांश

मांजर हा मानवाच्या सहवासात हजारो वर्षे राहिलेला प्राणी असला तरी त्याची वंशावळ लिहून ठेवण्याची प्रथा जेमतेम दीड शतकाची आहे. ब्रिटनमध्ये १८७१ साली भरलेल्या प्रदर्शनापासून या प्रथेला चालना मिळाली व १९१० मध्ये तिला मध्यवर्ती संस्थेचे रूप आले. प्रस्तुत शोधनिबंधात या नोंदणी परंपरेच्या विकासाचा आढावा घेतला आहे. वंशावळीच्या वहीत प्रारंभी फक्त पूर्वजांची नावे व बक्षिसे नोंदली जात होती. जनावराचे आरोग्य आणि विकलेल्या पिल्लाचे पुढील आयुष्य यांना त्या वहीत स्थान नव्हते. हे स्थान मिळण्यास सुमारे शंभर वर्षे लागली आणि त्या विलंबाची किंमत मांजरांनी मोजली, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी भारतातील सद्यःस्थितीच्या संदर्भात या इतिहासाची उपयुक्तता स्पष्ट केली आहे.

बीजशब्द : वंशावळ, पैदास, नोंदवही, प्रदर्शन, आनुवंशिक रोग, निर्बीजीकरण, पिल्लांचे पुनर्वसन.

१. प्रस्तावना

वंशावळ हा शब्द महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाच्या तंट्यात पुढे केलेले कुळवृत्तांत, देशमुख-देशपांड्यांच्या करिने या सर्वांत वंशावळीचे कार्य एकच होते. एखाद्या व्यक्तीचा अधिकार तिच्या पूर्वजांच्या आधारे सिद्ध करणे हे ते कार्य होय. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हेच साधन पाळीव प्राण्यांना लावले गेले. शर्यतीचे घोडे व दुभती जनावरे यांच्या वंशनोंदी अगोदर सुरू झाल्या, त्यानंतर कुत्र्यांच्या आणि सर्वांत शेवटी मांजरांच्या.

मांजराला हे स्थान उशिरा मिळण्याची कारणे उघड आहेत. घोडा, बैल किंवा शिकारी कुत्रा यांची पैदास माणसाने कामासाठी हेतुपूर्वक केली होती. मांजराचे काम उंदीर मारणे एवढेच होते आणि ते त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. त्यातही मांजराच्या जोड्या माणसाच्या इच्छेने जुळत नाहीत. रात्री बाहेर पडणाऱ्या भाटीच्या पिल्लांचा बाप कोण हे बहुधा कोणालाच सांगता येत नसे. अशा प्राण्याची वंशावळ लिहावयाची तर प्रथम त्याला घरात कोंडून ठेवणे भाग होते. म्हणजेच वंशावळीबरोबर मांजराच्या संपूर्ण जीवनक्रमाचा ताबा माणसाकडे आला. हा ताबा घेणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) ब्रिटनमधील मांजर-प्रदर्शने व वंशनोंदणी यांच्या उगमाचा आढावा घेणे.
(२) वंशनोंदणीमुळे मांजरांच्या आरोग्यावर झालेल्या परिणामांचा शोध घेणे.
(३) पिल्ले पाळण्यासाठी देण्याच्या पद्धतीत झालेले बदल स्पष्ट करणे.
(४) भारतीय संदर्भात या इतिहासातून मिळणारा बोध मांडणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने द्वितीयक साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचे क्षेत्र ब्रिटनपुरते मर्यादित आहे. अमेरिका व अन्य देशांचा उल्लेख तुलनेपुरताच केला आहे.

३. नोंदवहीपूर्वीचा काळ

मांजरांच्या प्रदर्शनापूर्वीही काही विशिष्ट मांजरांना किंमत होती. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२० च्या सुमारास इराणमधून लिहिलेल्या पत्रांत खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन केले असून ती आपल्या देशी नेण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. हाच प्रवासी पुढे १६२३-२४ मध्ये सुरत व गोवा येथे येऊन गेला.

लांब केसांच्या मांजरांच्या व्यापाराचा एक महत्त्वाचा उल्लेख महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित असलेल्या व्यक्तीच्या लेखनात आढळतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८११ पासून पुण्यास रेसिडेंट व १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्यापूर्वी १८०८-०९ मध्ये तो काबूलच्या शाहाकडे वकील म्हणून गेला होता. या प्रवासावर आधारित त्याचा काबूलच्या राज्याविषयीचा ग्रंथ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लांब केसांची मांजरे त्या प्रदेशातून मोठ्या संख्येने बाहेर पाठविली जातात आणि सर्वत्र त्यांना इराणी मांजरे म्हटले जाते, परंतु प्रत्यक्ष इराणात ती फारशी नाहीत व तेथून बाहेरही क्वचितच जातात, असे त्याने नमूद केले आहे.

हा उल्लेख दोन दृष्टींनी महत्त्वाचा ठरतो. पहिली गोष्ट म्हणजे, मांजरांचा दूरवरचा व्यापार प्रदर्शनाच्या आधीपासून चालू होता. दुसरी गोष्ट म्हणजे, मांजराच्या जातीचे नाव व तिचे मूळ यांचा मेळ तेव्हाही बसत नव्हता. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरे ही इराण किंवा तुर्कस्तानातील सामान्य मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले. व्यापाऱ्याने दिलेले नाव वंशावळीत जसेच्या तसे उतरले आणि वंशावळीने त्याला अधिकृतपणा दिला, असे म्हणता येईल. नावाच्या बाबतीत आणखी एक उदाहरण मराठी वाचकाला कुतूहलाचे वाटेल. 'बॉम्बे' या नावाची काळ्या मांजरांची जात अमेरिकेतील केंटकी राज्यात १९५० च्या दशकापासून तयार करण्यात आली. भारतातील काळ्या बिबट्याशी असलेल्या साम्यामुळे तिला हे नाव मिळाले. मुंबईच्या मांजरांशी तिचा काहीही संबंध नाही.

४. १८७१ चे प्रदर्शन व त्यामागील हेतू

लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे १३ जुलै १८७१ रोजी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याचा प्रणेता हॅरिसन वेअर (१८२४-१९०६) हा चित्रकार होता. पशुपक्ष्यांची चित्रे व कोंबड्यांची पैदास या दोन्ही विषयांत त्याची ख्याती होती. त्यापूर्वी जत्रांमधून किरकोळ स्वरूपात मांजरे मांडली जात असत. परंतु रंग, केस व शरीराची ठेवण यांनुसार वर्ग पाडून, ठरविलेल्या निकषांवर गुण देण्याची पद्धत या प्रदर्शनापासून रूढ झाली. हे निकष स्वतः वेअरनेच तयार केले होते. परीक्षकांत वेअर, त्याचा भाऊ जॉन जेनर वेअर आणि रेव्हरंड मॅक्डोना यांचा समावेश होता.

या प्रदर्शनामागील वेअरचा हेतू लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळच्या लंडनमध्ये मांजर हे उपेक्षित जनावर होते. उंदरांसाठी त्याला घरात ठेवले जाई, पण त्याच्या खाण्यापिण्याची चिंता क्वचितच केली जाई. त्याला दगड मारणे हा मुलांचा खेळ समजला जाई. मांजर सुंदर असू शकते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले तर त्याला घरात चांगली वागणूक मिळेल, अशी वेअरची धारणा होती. याच कारणाने श्रमिकांच्या मालकीच्या मांजरांसाठी या प्रदर्शनात स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला. आपली स्वतःची म्हातारी पट्टेरी मांजरीही वेअरने तेथे मांडली होती. म्हणजेच या चळवळीच्या मुळाशी वंशाचा अभिमान नसून मांजराविषयीची कणव होती.

योगायोग असा की, लंडनमधील भटक्या कुत्र्यांचे आश्रयस्थान याच वर्षी बॅटरसी येथे हलविण्यात आले आणि १८८३ पासून तेथे मांजरांनाही आसरा मिळू लागला. एका बाजूला मांजराची प्रतिष्ठा वाढविणारे प्रदर्शन आणि दुसऱ्या बाजूला टाकून दिलेल्या मांजरांचे आश्रयस्थान, या दोन्ही संस्था एकाच शहरात समांतर वाढत गेल्या. त्यांची परस्परांशी गाठ मात्र पुढे अनेक दशके पडली नाही.

५. नॅशनल कॅट क्लब व संस्थापकाचा भ्रमनिरास

१८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लबची स्थापना झाली आणि वेअर तिचा पहिला अध्यक्ष झाला. प्रदर्शने भरविणे व वंशनोंद-पुस्तिका ठेवणे ही तिची मुख्य कामे होती. वेअरचा मांजरांविषयीचा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जातींची वर्णने, गुणांचे तक्ते, संगोपनाच्या सूचना व लोकसमजुती अशा अनेक गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत.

यानंतर घडलेली घटना या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना आहे. अवघ्या काही वर्षांतच वेअर क्लबपासून दूर झाला. त्याच्या जागी चित्रकार लुई वेन अध्यक्ष झाला. आपल्या ग्रंथाच्या १८९२ च्या आवृत्तीत वेअरने यामागचे कारण स्पष्ट केले आहे. क्लबच्या अनेक सभासदांना मांजराच्या हितापेक्षा बक्षिसे जिंकण्यात आणि विशेषतः क्लबची पदके मिळविण्यात अधिक रस आहे, असे त्याचे मत झाले होते. ज्याने पारितोषिकाची कल्पना मांडली त्यालाच पारितोषिकाने मूळ हेतू गिळल्याचे पाहावे लागले.

वेअरच्या या नाराजीकडे एका वृद्ध संस्थापकाचा हेकटपणा म्हणून पाहता येईल. लांब केसांच्या परदेशी मांजरांपेक्षा त्याला आखूड केसांची ब्रिटिश मांजरे प्रिय होती आणि काळाचा कल उलट दिशेने होता, हेही खरे आहे. तरीही त्याचा आक्षेप व्यक्तिगत आवडीपुरता मर्यादित नव्हता. प्रदर्शनात परीक्षकाला दिसते ते बाह्यरूप होय. जनावराचे मूत्रपिंड, हृदय, सांधे, त्याचा स्वभाव, ते राहते ते घर यांपैकी काहीही परीक्षकाच्या मेजावर येत नाही. जे दिसत नाही त्याला गुण नाहीत आणि ज्याला गुण नाहीत त्याची नोंदही नाही. ही उणीव वेअरला जाणवली होती. मात्र ती दूर करण्याचे साधन त्याच्या काळात उपलब्ध नव्हते.

६. १९१० : मध्यवर्ती नोंदणी

वेअरनंतरच्या काळात मांजर-पैदास हा मुख्यतः उच्च व मध्यमवर्गीय स्त्रियांचा उद्योग बनला. लेडी मार्कस बेरेसफर्ड यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये 'द कॅट क्लब' ही प्रतिस्पर्धी संस्था उभी राहिली. सयामी मांजरांसाठी १९०१ मध्ये स्वतंत्र क्लब निघाला. फ्रान्सिस सिम्पसन यांचा मांजरांविषयीचा बृहद्ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांना सार्वजनिक क्षेत्रात फारसा वाव नसलेल्या त्या काळात संस्था चालविणे, नोंदी ठेवणे, लेखन करणे व परीक्षक होणे या संधी या क्षेत्राने त्यांना दिल्या, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी आहे.

परंतु एकाहून अधिक संस्था म्हणजे एकाहून अधिक नोंदवह्या. एका क्लबात नोंदलेले मांजर दुसऱ्या क्लबच्या प्रदर्शनात चालत नसे. हा गोंधळ मिटविण्यासाठी १९१० मध्ये विविध क्लबांनी एकत्र येऊन 'गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी' ही मध्यवर्ती संस्था स्थापन केली. अमेरिकेत 'कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन' १९०६ मध्येच स्थापन झाली होती.

कौन्सिलच्या कार्याचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. पैदासकाराने आपले उपनाम नोंदवावयाचे, ते त्याच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या नावाआधी लागते. पिल्लाची आई, बाप, जन्मतारीख, रंग व जात यांची नोंद होते. मांजर विकले गेल्यास मालकी-बदलाची नोंद करावयाची असते. वरकरणी हे साधे कारकुनी काम होय. तथापि कोणत्या मांजराला वहीत घ्यावयाचे व कोणाला नाही हे ठरविण्याचा अधिकार या कामातून निर्माण झाला. त्या अधिकाराचा वापर कशासाठी झाला, यावरच पुढील इतिहास ठरला.

७. बंदिस्त वंश आणि त्याची किंमत

वंशनोंदणीत जातीची शुद्धता हे मूल्य मानले की नोंदवहीचे दार बंद होऊ लागते. मोजक्या पूर्वजांपासून पुढील सर्व पिढ्या उतरतात व अंतःप्रजनन वाढते. ब्रिटनमध्ये या प्रक्रियेला दोन महायुद्धांची जोड मिळाली. अन्नटंचाईच्या काळात पैदास जवळजवळ थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲबिसिनियनसारख्या जातींची बोटांवर मोजण्याइतकीच मांजरे शिल्लक राहिली. आखूड केसांच्या ब्रिटिश मांजरांचे वंश सावरण्यासाठी पर्शियन मांजरांशी संकर करावे लागले. सियाम, म्हणजे आजचे थायलंड, व ब्रह्मदेश येथून आलेल्या जातींचा पायाही मुळातच लहान होता. बर्मीज जातीचा आधुनिक वंश प्रामुख्याने १९३० मध्ये अमेरिकेत नेलेल्या वाँग माऊ नावाच्या एका मांजरीपासून सुरू होतो. वर उल्लेखिलेल्या २००८ च्या अभ्यासात बर्मीज व सिंगापुरा या जातींत जनुकीय वैविध्य सर्वांत कमी आढळले, यात त्यामुळे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

अनेक मांजरे एकत्र ठेवण्याने संसर्गाचाही धोका वाढला. मांजरांच्या रक्तकर्करोगास कारणीभूत असलेल्या विषाणूचा शोध ग्लासगो येथील विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लावला. एकाच घरातील अनेक मांजरे या रोगाने दगावत असल्यामुळे हा शोध लागू शकला. त्यानंतर रक्ताची तपासणी करून बाधित मांजरे पैदाशीतून वेगळी काढण्याची पद्धत सुरू झाली. 'फेलाइन ॲडव्हायझरी ब्यूरो' ही मांजरांच्या आजारांविषयी माहिती प्रसृत करणारी संस्था १९५८ मध्येच स्थापन झाली होती. पैदासकार व पशुवैद्यक यांच्यात संवाद सुरू होण्याचा हा काळ होय.

आनुवंशिक रोगांच्या बाबतीत पर्शियन मांजराचे उदाहरण महत्त्वाचे आहे. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर पसरला होता. विविध देशांतील पाहण्यांमध्ये तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मांजरे बाधित आढळली. या विकाराचे जनुक प्रभावी असल्याने आई किंवा बाप यांपैकी एक जरी बाधित असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांना तो होतो. मात्र लक्षणे बहुधा मध्यम वयात दिसतात. तोपर्यंत त्या मांजराने पदके मिळविलेली असतात आणि त्याची संतती अनेक घरांत पोहोचलेली असते. रोग पसरविणारा बोका वंशावळीत अभिमानाने मिरविला गेला, कारण वंशावळीत मूत्रपिंडाचा रकाना नव्हता. २००४ मध्ये या विकाराचे जनुकीय उत्परिवर्तन निश्चित झाले व साध्या चाचणीने बाधित मांजर ओळखणे शक्य झाले. मेन कून जातीतील हृदयविकाराशी संबंधित उत्परिवर्तन २००५ मध्ये सापडले. येथपासून नोंदवहीचे स्वरूप बदलले. ज्या वहीमुळे रोग अनवधानाने पसरला तीच वही रोग हटविण्याचे साधन ठरली, कारण कोणत्या मांजराची संतती कोठे गेली हे तिच्यातच लिहिलेले होते.

नोंदणीच्या अधिकाराचा दुसरा पैलू स्कॉटिश फोल्ड या जातीच्या इतिहासात दिसतो. स्कॉटलंडमधील कूपर अँगस गावाजवळ १९६१ मध्ये विल्यम रॉस या मेंढपाळाला दुमडलेल्या कानांची सूझी नावाची पांढरी मांजरी दिसली. तिच्या वंशातून ही जात तयार झाली. कान दुमडण्याचे कारण असलेला कूर्चेचा दोष केवळ कानापुरता राहत नाही, तो पाय व शेपटीच्या सांध्यांतही वेदनादायक विकृती निर्माण करतो. हे लक्षात येऊ लागताच ब्रिटिश कौन्सिलने १९७० च्या दशकाच्या आरंभी या जातीची नोंदणी बंद केली. अमेरिकेत मात्र तिला मान्यता मिळाली व १९७८ मध्ये ती अजिंक्यपदाच्या स्पर्धेस पात्र ठरली. एकच मांजर, एकच दोष, पण दोन नोंदवह्यांचे दोन निर्णय. या दोषामागील उत्परिवर्तन २०१६ मध्ये निश्चित झाले आणि ब्रिटिश कौन्सिलचा निर्णय योग्य असल्याचे स्पष्ट झाले. तथापि तोवर या मांजराचा गोल चेहरा जगभर लोकप्रिय झाला होता.

८. पिल्लू घरी देताना

आतापर्यंतचे विवेचन पैदाशीविषयी होते. परंतु पैदास केलेल्या बहुसंख्य पिल्लांचे भवितव्य प्रदर्शनाच्या मेजावर ठरत नाही, ते सामान्य घरात ठरते. एका वेतात चार-पाच पिल्ले झाली तर त्यांतील एखादेच पुढील पैदाशीसाठी राखले जाते. उरलेली पाळण्यासाठी दिली जातात. नोंदवहीच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत या पिल्लांविषयी फारसा विचार झालेला आढळत नाही.

हा विचार तीन दिशांनी विकसित झाला. पहिली दिशा पिल्लाच्या वयाची होय. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा हात लागला नाही तर ते पुढे माणसाला बुजते. हा काळ पैदासकाराच्याच घरी जातो. म्हणजे पुढील मालकाला मिळणाऱ्या मांजराचा स्वभाव पैदासकाराच्या स्वयंपाकघरात घडत असतो. पिंजऱ्यात वाढविलेले व घरात माणसांत वाढविलेले पिल्लू यांत पडणारा फरक पुढे भरून काढणे कठीण असते. याउलट पिल्लू आईपासून फार लवकर तोडल्यास ते भावंडांबरोबरच्या खेळातून मिळणाऱ्या शिस्तीस मुकते व त्याचे लसीकरणही अपुरे राहते. म्हणून वंशनोंदणी संस्थांनी पिल्लू साधारण बारा-तेरा आठवड्यांचे होऊन लसीकरण पूर्ण झाल्यावरच नव्या घरी द्यावे असा दंडक घातला. आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरे दाखविते असे म्हटले जाते. या दंडकानुसार मात्र पहिले घर पुरेसे झाल्याखेरीज दुसरे घर दाखवावयाचे नाही.

दुसरी दिशा निर्बीजीकरणाची होय. ब्रिटिश कौन्सिलच्या नोंदणीत सक्रिय व असक्रिय असे दोन विभाग आहेत. पाळण्यासाठी दिलेले पिल्लू असक्रिय विभागात नोंदले जाते, त्यामुळे त्याच्या संततीची नोंदणी होऊ शकत नाही. जबाबदार पैदासकार पिल्लू देताना निर्बीजीकरणाची अट लेखी घालतो किंवा शस्त्रक्रिया करूनच पिल्लू देतो. बेवारस मांजरांची संख्या मोठी असताना आणखी पिल्ले का जन्माला घालावयाची, हा आक्षेप पैदासकारांवर नेहमीच घेतला गेला. 'कॅट्स प्रोटेक्शन लीग' ही मांजरांसाठी कार्य करणारी संस्था लंडनमध्ये १९२७ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आहे. असक्रिय नोंदणी हे या आक्षेपाला दिलेले अंशतः उत्तर होय. आपल्या घरी जन्मलेले पिल्लू आश्रयस्थानाच्या दारात जाऊ नये, मालकाला सांभाळणे अशक्य झाल्यास ते परत घ्यावे, ही अपेक्षा याच विचारातून रूढ झाली.

तिसरी दिशा कायद्याची होय. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राणी विकणाऱ्या परवानाधारकास आठ आठवड्यांखालील मांजराचे पिल्लू विकण्यास मनाई केली. ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील कुत्र्या-मांजरांची पिल्ले मध्यस्थ विक्रेत्यामार्फत विकण्यास तेथे बंदी आली. पिल्लू हवे असेल तर ते पैदासकाराकडून अथवा आश्रयस्थानातूनच घ्यावे लागते, म्हणजेच घेणाऱ्याला त्याची आई पाहता येते. स्कॉटलंडने २०२१ मध्ये वर्षात तीन किंवा अधिक वेत घेणाऱ्या मांजर-पैदासकारांना परवाना आवश्यक केला. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजरांना ओळखीची मायक्रोचिप बसविणे सक्तीचे झाले. क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनानंतर दीडशे वर्षांनी, वंशावळ असो वा नसो, प्रत्येक पाळीव मांजराची नोंद व्हावी हे तत्त्व मान्य झाले, असा या घटनेचा अर्थ लावता येईल.

९. भारतीय संदर्भ

भारतात मांजर हे परंपरेने घराच्या आसपास वावरणारे जनावर आहे. पिल्ले झाली की ओळखीपाळखीत देण्याची रीत होती व आजही आहे. तिच्यात पैशाचा व्यवहार नसे. गेल्या काही दशकांत मात्र मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पर्शियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब केसांच्या मांजरांना मोठी मागणी निर्माण झाली आहे. ही मांजरे विकत घेणाऱ्याला नाव मिळते, वंशावळ क्वचितच मिळते आणि आई-बापांच्या तपासणीचा दाखला त्याहूनही क्वचित मिळतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० हा या क्षेत्रातील मूळ कायदा होय. त्याखाली श्वान-पैदास व विक्रीसंबंधी स्वतंत्र नियम २०१७ मध्ये करण्यात आले. २०१८ च्या पाळीव प्राणी विक्री केंद्रांविषयीच्या नियमांत मांजरांचा समावेश असून अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी वस्तीतील मांजरांच्या निर्बीजीकरणाचीही दखल घेतली. म्हणजे दुकानातील मांजर व रस्त्यावरील मांजर यांचा विचार झाला आहे. २०१७ च्या श्वान-पैदास नियमांच्या कक्षेत मात्र घरगुती पातळीवर होणारी मांजरांची पैदास येत नाही.

ब्रिटनच्या इतिहासाचे महत्त्व येथे जाणवते. तेथे नोंदवही आधी आली, आरोग्याचा विचार नंतर आला आणि मधल्या काळात रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरले. भारतात मागणी आली आहे, चाचण्याही उपलब्ध आहेत, परंतु नोंदवहीची सवय रुजलेली नाही. नोंदीशिवाय चाचणीचा लाभ एका मांजरापुरताच मर्यादित राहतो. बाधित बोक्याची पिल्ले कोणत्या घरांत गेली हे ठाऊक नसेल तर त्या घरांना सावध करता येत नाही. म्हणून येथील पैदासकारांनी व पशुवैद्यकांनी आरंभापासूनच वंश, आरोग्य व पिल्लाचे नवे घर या तिन्ही बाबींची नोंद एकत्र ठेवणे इष्ट ठरेल.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ब्रिटनमधील मांजर-प्रदर्शनाची सुरुवात मांजराला चांगली वागणूक मिळावी या हेतूने झाली. मात्र स्पर्धेचे स्वरूप असे होते की तो हेतू अल्पावधीतच मागे पडला. हॅरिसन वेअरने क्लबविषयी व्यक्त केलेली नाराजी हा त्याचा तत्कालीन पुरावा होय.

(२) १९१० च्या मध्यवर्ती नोंदणीने वंशाच्या माहितीत शिस्त आणली. परंतु बाह्यरूप व पूर्वज यांपलीकडे काही न नोंदल्याने आनुवंशिक विकार दृष्टीआड राहिले.

(३) १९६० नंतर विषाणुशास्त्र, वर्तनशास्त्र व जनुकशास्त्र यांतील शोधांमुळे नोंदवहीचा उपयोग मांजराच्या हितासाठी होऊ लागला. नोंदवही ही स्वतः चांगली वा वाईट नसते, तिच्यात कोणते रकाने आहेत यावर तिचे मूल्य ठरते.

(४) पिल्लू योग्य वयात, लसीकरण करून, निर्बीजीकरणाच्या अटीसह व परत घेण्याच्या तयारीने देणे हा पैदासकाराच्या उत्तरदायित्वाचा अविभाज्य भाग आहे. वंशावळ जन्माशी संपत नाही, ती पिल्लाच्या नव्या घरापर्यंत जाते.

(५) भारतात मांजर-पैदास वाढत असताना नोंदणी, आरोग्यतपासणी व पिल्लांचे पुनर्वसन यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.

वेअरच्या काळात मांजराचे हित आणि मांजराचे बक्षीस यांतून समाजाने बक्षीस निवडले. त्या निवडीचे परिणाम ज्यांनी भोगले त्यांना बोलता येत नव्हते. त्यांची साक्ष आज पशुवैद्यकांच्या नोंदींतून मिळते आहे. ज्या देशात हा व्यवहार अजून आकार घेत आहे, त्या देशाला तीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.